शेततळ्यातल्या रोहूला लाल चट्टे आलेत, लसूण-हळद-कडुलिंबाचा अर्क पाण्यात सोडला तर चालेल का? प्रमाण किती?

पाण्यात अजिबात नाही. खाद्यातून चालेल, तेही मासा खात असेल तर.

प्रश्न बघून राहवलं नाही, कारण याच विषयावरून माझं आणि दाजींचं अजून वाजतंय. शेततळं आमचं सामायिक, रोहू-कटला-मृगळ सोडलेले. पावसाळा सरता सरता काही माशांच्या पोटावर लाल चट्टे दिसले, पर झडलेले, म्हणून आजारी तेवढे वेगळे काढून सिमेंटच्या टाकीत ठेवले. मी म्हटलं पाणी बदलत राहू. दाजी म्हणाले झाडपाल्याचं आहे, त्यानं काय होतंय, आणि डाळिंबावर फवारायला केलेला ५ टक्के निंबोळी अर्क उरला होता त्यातल्या बादल्या टाकीत ओतून मोकळे. अहो, तो अर्क पानाला चिकटावा म्हणून त्यात साबण घालतात हे जन्मभर डाळिंब केलेल्या माणसाला मी सांगायचं? साबण कल्ल्यांना लागतो, आणि निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन जास्त झालं की माशालाही विषच. संध्याकाळी मासे वर येऊन तोंड उघडबंद करायला लागले, पहाटे सगळी पांढरी पोटं. दाजी आजही म्हणतात ढगाळ हवेनं ऑक्सिजन पडला. मग त्याच ढगाखाली, पाण्यात हवा सोडणारा एरेटर नसलेल्या तळ्यातले कसे जगले?

लसणाच्या बाजूनं मात्र मी कुणाशीही भांडेन. किलोभर खाद्याला ५ ते १० ग्रॅम, ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवायचा, कारण त्यातलं अ‍ॅलिसिन ठेचल्यावरच तयार होतं, आणि उकळायचा तर मुळीच नाही, उकळला की राहिली फक्त चव. मग थोड्या तेलात कालवून कोंडा-शेंगपेंडेला चोळायचा, सावलीत सुकवायचा, लगेच संपवायचा. हळदही तेलातच कालवा, पाण्यात ती नुसती तळाला बसते. बाजारात हर्बल म्हणून बाटल्या मिळतात, आत काय आणि किती ते लेबलवर नसेल तर पैसे घालवू नका.

आता तुमच्या माशांचं. चट्टे आलेत म्हणजे बहुतेक एरोमोनास, तो जंतू पाण्यात कायमच असतो, गर्दी झाली, तळाला खाद्य कुजलं, अमोनिया वाढला की उलटतो. लसूण हा आधीपासून द्यायचा प्रकार, आजारी मासा खातच नाही तर त्याच्या पोटात जाणार कसा? म्हणून खाद्य निम्म्यावर आणा, थोडं थोडं पाणी बदला, मेलेले रोज काढून चुना टाकून पुरा. अँटिबायोटिक मनानं देऊ नका. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं, चट्टे बुरशीनं किंवा माशांच्या अंगावरच्या उवांनीही येतात, तेव्हा मत्स्य विभागाकडून तपासून घ्या. नेताना आजारी पण जिवंत मासा न्या, कुजलेल्यात भलतेच जंतू निघतात आणि मग दाजींसारख्यांना बोलायला तेवढंच निमित्त मिळतं.