कुवेतला एकत्र राहायचा विचार करताय? आधी बेळगावात लग्नाचे कागद करा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही २७ वर्षांचे, खानापूर तालुक्यातले, मराठा. ती २४ ची, बैलहोंगलकडची, लिंगायत, घरी कन्नड बोलणारी. पाच वर्षांची ओळख आहे आणि दोन्ही घरांतून नकार आहे. तुम्हाला कुवेतमध्ये एसी मेंटेनन्सचं काम मिळतंय, तिलाही तिथंच एका लॅबमध्ये टेक्निशियनचं. आणि तुम्ही विचारलंय, ‘तिकडं आम्हाला कोण ओळखतंय? नवरा-बायको म्हणून एकत्र राहिलो तर चालेल का? की त्यापेक्षा दुबई बरी?’

मी बेळगावची, शहापूरची. लग्नानंतर नऊ वर्षं कुवेतमध्ये काढली, २०१२ ते २०२१, साल्मिया भागात. म्हणून आधी उत्तर सांगते. लग्न न करता एका घरात राहायच्या बेतानं कुवेतला जाऊ नका. लग्न करून जा. तेवढ्यात जमणार नसेल तर दोघं जा, पण वेगवेगळे राहा. कितीही सांभाळून राहू म्हटलं तरी तिसरी वाट तिथं नाही.

का, ते एका रात्रीवरून सांगते. आमच्याच मजल्यावर एक तरुण जोडपं राहायचं. दोघंही आपल्याच मुलखातले, नोकऱ्या वेगवेगळ्या कंपन्यांत, विसा वेगवेगळे. सगळ्यांना सांगितलेलं की लग्न झालंय. आम्हीही तेच धरून चाललो होतो, संक्रांतीला मी तिला हळदीकुंकवालाही बोलावलं होतं. एका रात्री त्यांचं भांडण झालं, आवाज वाढला, खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी तक्रार केली. पोलीस आले. हारिस, म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार, त्यांना घेऊन वर आला. पोलिसांनी दोघांचे सिव्हिल आयडी, म्हणजे तिथलं सरकारी ओळखपत्र, बघितले आणि तिसरी गोष्ट मागितली ती लग्नाचा दाखला. ती पोरगी अनवाणी आमच्या दारात आली, हातात मोबाईल. त्यात देवळातला फोटो होता, दोघांच्या गळ्यात हार. ‘वहिनी, तुम्ही सांगा की त्यांना, लग्न झालंय म्हणून.’ माझ्या नवऱ्यानं मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलंही. तो पोलीस काही उर्मट नव्हता. फोटो नीट बघितला, मोबाईल तिच्या हातात परत दिला आणि म्हणाला, पेपर. पेपर नव्हता.

दोघांना वेगवेगळ्या गाड्यांतून नेलं. तिची बॅग मी भरली. कपाटात कपड्यांखाली शेंगदाण्याच्या चटणीचा डबा होता, आईनं पाठवलेला, अजून न उघडलेला. तो बॅगेत घालू की नको, यावर मी तिथं किती वेळ उभी होते कोण जाणे. तीन आठवडे ती डिपोर्टेशन सेंटरात, म्हणजे देशाबाहेर काढायच्या लोकांना ठेवतात तिथं, होती. मग तिला एका विमानानं पाठवलं, त्याला दुसऱ्या. डिपोर्ट करताना बोटांचे ठसे घेतात, त्यानंतर त्या देशाचं दार बंद. नोकरी गेली, राहिलेला पगार गेला, आणि ज्या घरापासून लपवलं होतं त्या घरी सगळं कळलं, तेही असल्या रीतीनं.

कुवेतच्या कायद्यात लग्नाबाहेरचे संबंध हा गुन्हाच आहे, दोघांची मर्जी असली तरी. पोलीस घरोघरी शोधत फिरत नाहीत, हे खरं. पण तुमचं राहणं तिथं सतत कुठल्या ना कुठल्या कागदावर येतं. भाडेकरारावर कुणाचं नाव, सिव्हिल आयडीवर कुठला पत्ता, हे नोंदवलेलं असतं. फॅमिली बिल्डिंगमध्ये घर घ्यायला गेलात की लग्नाचा दाखला मागतात. एकट्या पुरुषांना तिथं बॅचलर म्हणतात आणि त्यांचे भागच निराळे. १२ जून २०२४ ला कुवेतमधल्याच मंगाफला कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून जास्त भारतीय गेले, ती असलीच वस्ती. त्यानंतर तर इमारतींची तपासणी कडक झाली. आणि ज्याचा विचार तुमच्या वयात कुणी करत नाही ते म्हणजे दिवस राहिले तर. दवाखान्यात नाव घालायला लग्नाचा दाखला लागतो. तो नसला की तिची परिस्थिती तुमच्यापेक्षा दसपट वाईट होते, कारण पुरावा तिच्या अंगावर असतो. तिला हे आजच, स्पष्ट शब्दांत सांगा.

‘कोण ओळखतंय’ असं म्हणालात. कुवेतमध्ये महाराष्ट्र मंडळ आहे, कुवेत कन्नड कूटही आहे, आणि बेळगावच्या माणसाला दोन्हीकडचं बोलावणं येतं. पहिल्या गणपतीतच कुणीतरी विचारतं, खानापूरचे का, कुठल्या गल्लीतले, अमुक तुमचे कोण? मला पहिल्या महिन्यात भेटलेल्या बाईची जाऊ माझ्या मावशीच्या शेजारची निघाली. तिथली आपली माणसं अडीअडचणीला धावून येतात, मी ते भोगलंय. पण आधार घ्यायचा तर आपण कोण ते खरं सांगावं लागतं. खोटं नातं सांगून राहणारा माणूस शेजाऱ्यांशीसुद्धा मोकळा होत नाही. ती पोरगी आमच्याकडे हळदीकुंकवाला आली होती तेव्हा वाण घेऊन दोन मिनिटांत निघाली होती. मला तेव्हा ती शिष्ट वाटली.

आता दुबई. युएईनं नोव्हेंबर २०२० मध्ये कायदे बदलले आणि लग्न न करता एकत्र राहणं हा आता तिथं गुन्हा राहिला नाही. तुम्ही कुठंतरी वाचलंय ते हेच. पण जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या तिथल्या कायद्यात असं आहे की लग्नाबाहेरच्या संबंधांवर खटला होतो तो नवऱ्याच्या किंवा पालकाच्या तक्रारीवरून. पालकाच्या, हा शब्द परत वाचा. ज्या जोडप्यांना घरचा विरोध नाही त्यांना ही सूट मोठी आहे. तुमच्या बाबतीत तक्रार करायला बघेल असा माणूस बैलहोंगलला बसलेलाच आहे. शिवाय मूल झालं तर लग्न करणं किंवा मूल आपलं म्हणून कायद्यानं स्वीकारणं भाग आहे, नाहीतर शिक्षा आहे. युएईची एक गोष्ट मात्र कामाची. अबुधाबीत २०२१ च्या कायद्यानं गैरमुस्लिमांना कोर्टात नागरी विवाह करता येतो. पण तुमच्या हातात काम आहे ते कुवेतचं, आणि इथंच सोपी वाट असताना तिसऱ्या देशात जाऊन लग्न करायचं कारण मला दिसत नाही.

सोपी म्हणते ती का ते सांगते. बऱ्याच जणांना वाटतं जात वेगळी, भाषा वेगळी म्हणजे स्पेशल मॅरेज ॲक्टच लागणार. तो १९५४ चा कायदा, त्यात ३० दिवसांची नोटीस, ती ऑफिसच्या बोर्डावर लागते, आणि कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिकडच्या ऑफिसातही जाते. तुम्हाला भीती त्याचीच आहे. पण तुम्ही दोघंही हिंदू विवाह कायद्याखाली, १९५५ च्या, लग्न करू शकता. त्याच्या दुसऱ्या कलमात वीरशैव आणि लिंगायत असं नावानिशी लिहिलेलं आहे. त्याला ती ३० दिवसांची नोटीस नाही. विधी करून लग्न लावायचं, साक्षीदार ठेवायचे, फोटो काढायचे आणि सब-रजिस्ट्रारकडे नोंदणी करायची. कुवेतमध्ये भारतीय दूतावासात करू म्हणाल, तर त्यासाठी १९६९ चा विदेशी विवाह कायदा आहे, पण त्यातही नोटीस आहे आणि ती भारतातही प्रसिद्ध होते.

एक मात्र नक्की करा. विधी न करता नुसता दाखला मिळवून देतो म्हणणारे एजंट आहेत, त्यांच्या नादी लागू नका. सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय की विधी झाले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्यानं हिंदू लग्न होत नाही.

दाखला हातात आला की खरं काम सुरू होतं, आणि इथं मी आमचाच अनुभव सांगते. कुवेत, कतार, युएई हे अपोस्टिल, म्हणजे परदेशासाठी कागद खरा ठरवणारा एकच शिक्का, मानणाऱ्या देशांत नाहीत. म्हणजे आधी राज्याच्या पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का, आणि तिथं उतरल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा. आमचा दाखला पहिल्या पायरीलाच परत आला. नोंदणीत नाव कन्नडमध्ये लिहिलेलं, त्यावरून इंग्रजी करताना आमच्या ‘कर’ आडनावाच्या शेवटी एक ‘ए’ जास्तीचा पडला. पासपोर्टवर तो नव्हता. माझ्या मार्क्स कार्डावर वडिलांचं नाव मधे, पासपोर्टवर नुसतं अक्षर. जन्मगाव एका ठिकाणी शहापूर, एका ठिकाणी बेळगाव. आता तर २०१४ पासून इंग्रजीतही बेळगावी झालंय, त्यामुळं जुन्या कागदावर एक स्पेलिंग आणि नव्यावर दुसरं. या एका अक्षरानं आमचे दोन महिने खाल्ले. तुमच्यात तर एकाचे कागद मराठी शाळेतले आणि एकाचे कन्नड. लग्नाच्या अर्जावर सही करायच्या आधी दोघांचे पासपोर्ट, आधार आणि एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, मार्क्स कार्डं टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर अक्षर जुळवा. दाखला पासपोर्टप्रमाणेच लिहून घ्या.

लग्न झालं तरी तुमच्या पगारावर तिला फॅमिली विसा मिळेल असं धरू नका. कुवेतनं जानेवारी २०२४ पासून त्यासाठी महिना ८०० दिनार पगाराची अट घातली, म्हणजे दोन लाख रुपयांच्या वर. एसी टेक्निशियनला सुरुवातीला तेवढा कोण देतो? तेव्हा तिचा स्वतःचा कामाचा विसा हाच मार्ग, आणि माझ्या मते तोच चांगला, कारण उद्या तुमची नोकरी गेली तरी तिचं राहणं तुमच्यावर लटकत नाही. फक्त तो १८ नंबरचा, म्हणजे कंपनीतल्या नोकरीचा, आहे ना, ते बघा. २० नंबर म्हणजे घरकामाचा विसा. लॅबचं काम सांगून २० वर पाठवलेल्या मुली मी बघितल्यात, घरमालकाच्या परवानगीशिवाय त्यांना हलता येत नव्हतं. एजंटचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर तपासा. सर्व्हिस चार्ज ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, त्यापलीकडे त्याला घेता येत नाही.

आता सगळ्यात जड गोष्ट. न सांगता निघून गेलात तर मागं काय होईल? तुम्ही दोघं विमानात असाल. तुमची आई नसेल. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या बेळगाव तालुक्यात, होसवंटमुरीत, मुलगा मुलीला घेऊन गेला म्हणून त्याच्या आईला विवस्त्र करून खांबाला बांधलं. हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. मी तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. गावात तुमच्यामागं कोण राहतंय ते मोजल्याशिवाय तारीख ठरवू नका, एवढंच. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष करायला सांगितलंय. लग्नाच्या आधी एसपी ऑफिसला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, त्यात घरच्यांच्या संरक्षणाचंही लिहा. याला आणखी एक कारण आहे. कुवेतच्या विसाला पोलीस क्लिअरन्स, म्हणजे तुमच्यावर गुन्हा नाही असा पोलिसांचा दाखला, लागतो. तिच्या घरच्यांनी पळवून नेल्याची केस घातली तर तुमचा क्लिअरन्स तिथंच अडकेल. ती सज्ञान आहे, आपण स्वखुशीनं आलो हा तिचा जबाब झालेला असला तर ती केस टिकणार नाही. पण तो जबाब द्यायला ती इथं हवी.

आणि निदान एका माणसाला तरी घरात खरं सांगून जा. आमच्यात माझ्या सासऱ्यांचा विरोध होता, धाकट्या आत्याचा नव्हता. कागदपत्रांची एक प्रत त्यांच्या ट्रंकेत होती, आणि आम्ही कुठं राहतो तो पत्ता. तिच्याकडं अशी एखादी अक्का असेलच, बहीण, मामी, कुणीतरी. तिला विचारायला सांगा. खानापूरला तुमच्या बाजूनं कोण आहे, तेही मला कळवा, म्हणजे साक्षीदार कोण ठेवायचे ते आपण बघू.