टप्पा, टक्के आणि न फोडलेलं पाकीट

‘पैशातलं मला काही कळत नाही.’ समुपदेशनासाठी येणारे लोक हे वाक्य सहसा पहिल्या भेटीत बोलत नाहीत. येतात ते झोप नाही, चिडचिड होते, घरात अबोला आहे म्हणून. दोन-तीन भेटी झाल्या की पिशवीतून कागदांची फाइल निघते आणि त्यासोबत हे वाक्य.

दत्ताकाका (नाव बदललं आहे) एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. तक्रार झोपेची. तिसऱ्या भेटीत त्यांनी एक जाड पाकीट टेबलावर ठेवलं. येऊन अकरा दिवस झाले होते, फोडलेलं नव्हतं. पीएफ आणि ग्रॅच्युइटीची रक्कम खात्यावर जमा झाल्यावर ‘एफडीसारखंच आहे, थोडं जास्त मिळेल’ असं सांगून कुणीतरी त्यांच्या सह्या घेतल्या होत्या आणि २ लाख रुपये भरून घेतले होते.

“सही करताना विचारलं नाहीत?”

“काय विचारणार मॅडम? ते फाडफाड बोलत होते. मी हो हो म्हणत गेलो. पोराला विचारलं तर म्हणतो, सोपं आहे बाबा, वाचा ना.”

‘सोपं आहे’ हे शब्द धीर द्यायला म्हटले जातात, पण ऐकणाऱ्याच्या मनात उरतं ते एवढंच: सोपं असूनही मला जमत नाही, म्हणजे मीच ढ. घरच्यांना मी सांगते, ‘सोपं आहे’ऐवजी ‘हे मलाही एकदा नीट बघावं लागेल’ म्हणा.

पाकीट तसंच ठेवून मी विचारलं, “काका, टप्पा म्हणजे काय हो?”

ते ताठ बसले. “सहा किलोमीटर. भाडं टप्प्यावर असतं.”

“आणि सात किलोमीटर गेले तर?”

“दोन टप्पे. पूर्ण भाडं.”

“हे काय, एका किलोमीटरसाठी एवढे पैसे?”

“लोक भांडायचेच त्यावरून. पण त्यांना टप्पा माहीतच नसतो. त्यात त्यांचं काय चुकलं? समजावून सांगायचं, आपलं कामच आहे ते...”

एवढं बोलून ते थांबले. पाकिटाकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “मलाही कुणी समजावलं नाही.”

त्या दिवशी एकाही शब्दाचा अर्थ सांगितला नव्हता, तरी खरं काम झालं होतं. तीस वर्षं चालत्या गाडीत उभ्याने हिशेब जुळवणाऱ्या माणसाला आकड्यांची भीती नव्हती. दुसऱ्या धंद्याची भाषा आपल्याला येत नाही, याची लाज त्यांनी स्वतःवर ओढून घेतली होती. माझं ठाम मत आहे की आधी ही लाज उतरवावी लागते. ती असेपर्यंत कितीही व्हिडिओ बघा, काही टिकत नाही. मोठ्या माणसाला नवा शब्द शिकवायचा तर तो त्याच्या अनुभवातल्या शब्दाशेजारी ठेवावा.

मग पाकीट फोडलं. आत विम्याची पॉलिसी निघाली. दोन ओळी सापडल्या: पॉलिसी टर्म १५ वर्षं, प्रीमियम पेइंग टर्म १० वर्षं. पहिली म्हणजे करार किती वर्षं चालणार. दुसरी म्हणजे हप्ता किती वर्षं भरायचा. काकांनी स्वतःच गुणाकार केला. दोन लाख एकदाच भरायचे नव्हते, दरवर्षी भरायचे होते. एकूण २० लाख. विमा पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात. तेवढ्या दिवसांचं विमा संरक्षण, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी रक्कम परत मिळते. काकांनी अर्ज लेखी दिला आणि पोच घेतली. पैसे परत आले.

त्यानंतर वही सुरू झाली. शब्द पुस्तकातून गोळा करायचे नाहीत, फक्त स्वतःच्या कागदावर आलेले घ्यायचे, आठवड्याला दोन-तीन. पन्नास शब्द एकदम पाठ करणारे पंधरा दिवसांत सगळे विसरतात, कारण त्यांच्या हातात त्या शब्दांचा एकही कागद नसतो. प्रत्येक शब्दापुढे लिहायचं: पैसा कुणाकडून कुणाकडे जातो, कधी जातो, आणि टक्के असतील तर कशाचे.

‘टक्के कशाचे’ हा प्रश्न सगळ्यात जास्त वाचवतो. म्युच्युअल फंडाचा एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंड चालवण्याचा वार्षिक खर्च, फायद्यावर नसतो, गुंतलेल्या सगळ्या रकमेवर असतो आणि तोट्याच्या वर्षीही कापला जातो. ५ लाखांवर २ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे १० हजार, १ टक्का म्हणजे ५ हजार. तो फंडाच्या युनिटच्या, म्हणजे एका हिश्श्याच्या, किमतीतूनच वजा होत असल्याने वेगळी पावती दिसत नाही. एक्झिट लोड, म्हणजे पैसे लवकर काढल्याचं शुल्क, मात्र काढून घेतलेल्या रकमेवर, आणि ठरलेल्या मुदतीआधी काढली तरच. विम्याचा बोनस बहुधा विमा रकमेच्या दर हजारामागे ठरलेल्या दराने मिळतो, भरलेल्या हप्त्यांवर नाही. वर्षाला ३० हजार असे २० वर्षं भरले आणि शेवटी १० लाख मिळाले, तर ‘सहाचे दहा झाले’ असं वाटतं; वार्षिक परतावा साडेचार-पावणेपाच टक्क्यांच्या आसपास पडतो.

एनएव्ही म्हणजे एका युनिटची किंमत. दहा रुपयांचा फंड स्वस्त आणि चारशेचा महाग, हा समज फार पसरलेला आहे. दोन्हींत एकेक लाख घातले आणि दोन्ही १० टक्के वाढले, तर दोन्हीकडे १ लाख १० हजारच होतात. काका यावर खूश झाले. “म्हणजे सुट्टे घ्या नाहीतर नोट, पैसे तेवढेच.” ही उपमा त्यांची, मी आता इतरांनाही सांगते.

समोरचा भराभर बोलू लागला तर एक वाक्य तयार ठेवा: ‘हे मला मराठीत, रुपयांत लिहून द्या.’ लिहून द्यायला कुणी टाळाटाळ केली, तर त्या दिवशी सही करू नका.

काकांच्या वहीत आता एकतीस शब्द आहेत. शेवटचा ‘नॉमिनी’. बँकेतल्या ठेवीसाठी त्यांनी पुढे लिहिलंय: ‘पैसे ताब्यात घेणारा. मालकी वारसांची.’ पुढच्या भेटीला काकूही येणार आहेत. हा फरक त्यांना काकाच समजावणार, असं ठरलं आहे.