डॉक्टर म्हणाले १६ टक्के, म्हणजे नेमकं काय?

फॅमिली डॉक्टरांनी वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल कॉम्प्युटरमध्ये भरलं आणि हृदयविकार किंवा पक्षाघाताचा धोका टक्क्यांत सांगितला, तेव्हापासून झोप नाही, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. त्यांतलेच एक, पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) आकडा होता १० वर्षांत १६ टक्के. रात्री नाडी मोजत बसायचे. हृदयावर ताण नको म्हणून फिरणंही सोडलेलं. सिगारेट मात्र चालू. "टेन्शनवर तेवढाच उतारा," म्हणाले.

आपलं हृदय १६ टक्के खराब झालंय, असंच त्यांनी धरलं होतं. पण हे साधन हृदयात डोकावत नाही. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावी हजारो निरोगी माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायला सुरुवात झाली. कोणाला पुढे काय झालं, यावरून असे हिशेब बांधले गेले. मी कागदावर १०० ठिपके काढले, १६ काळे केले. तुमच्यासारख्या शंभरांतल्या इतक्यांना १० वर्षांत त्रास होईल, ८४ जणांना नाही.

"मग मी कुठला ठिपका?"

ते डॉक्टरांना माहीत नाही, कॉम्प्युटरलाही नाही.

"मग उपयोग काय?" ते चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. नुसता टक्का सांगून पेशंटला घरी पाठवणं मला पटत नाही.

उपयोग निर्णयासाठी. आकड्यात वयाचा वाटा मोठा असतो. रिपोर्ट तेच राहिले तरी तो वयाबरोबर चढतो. म्हणून डॉक्टरांना विचारायला सांगितलं: माझ्याच वयाच्या, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाचा आकडा किती? कोलेस्टेरॉलच्या गोळीने, म्हणजे स्टॅटिनने, माझा किती उतरेल? स्टॅटिनने वाईट कोलेस्टेरॉल (एलडीएल) डेसिलिटरमागे सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरलं, तर धोका साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतो, म्हणजे १६ चे १३ च्या आसपास. तीन ठिपक्यांसाठी रोज गोळी घ्यायची का, हे ज्याचं त्याने डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. छातीत दुखत असेल तर मात्र हा हिशेब बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठायचा.

डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सिगारेटचं उत्तर बदलून आकडा काढला. तो बराच खाली आला. सोडल्या सोडल्या धोका तेवढा उतरत नाही, हेही सांगितलं. गृहस्थांनी आधी सिगारेट सोडायचं ठरवलं, फिरणं डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू केलं आणि गोळीचा निर्णय पुढच्या तपासणीवर ठेवला. नाडी मोजण्याची सवय काही आकडा समजल्याने जाणार नव्हती. त्यासाठी आमच्या भेटी अजून चालू आहेत.