वाचकांचे प्रश्न : अ‍ॅक्सेसची फाईल उघडेना, आता काय करू?

प्रश्न : नमस्कार ताई, आमचा छोटा धंदा आहे. बिलं, स्टॉक, उधारी सगळं कित्येक वर्षं मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रामच्या, म्हणजे अ‍ॅक्सेसच्या एकाच फाईलमध्ये आहे आणि पाच-सहा जण शेअर फोल्डरमधून तीच उघडतात. काल 'अनरेकग्नाईज्ड डेटाबेस फॉरमॅट' असा मेसेज आला आणि फाईल उघडेचना. फाईल आवळून दुरुस्त करणारा त्यातलाच कॉम्पॅक्ट अँड रिपेअर मारू का? की आता अ‍ॅक्सेसच सोडू?

उत्तर : दादा, रिपेअर मारायच्या आधी थांबा. सगळ्यांना अ‍ॅक्सेस बंद करायला सांगा, फाईलच्या शेजारी त्याच नावाची लॉक फाईल असते ती गेली का बघा, मग आहे त्या अवस्थेतली फाईल कॉपी करून बाजूला ठेवा आणि जे काय करायचं ते कॉपीवरच करा. कारण रिपेअरला जे वाचता येत नाही ते तो सरळ टाकून देतो, आणि मूळ फाईलवरच हे झालं तर परत मागे जाता येत नाही.

रिपेअर झाल्यावर फाईल उघडली म्हणून लगेच कामाला लागू नका. 'एमसिस कॉम्पॅक्ट एरर्स' नावाचं टेबल नवीन आलंय का ते बघा, रिपेअरला काय जमलं नाही ते त्यात लिहिलेलं असतं. प्रायमरी की (प्रत्येक ओळीचा वेगळा नंबर) आणि रिलेशनशिप (टेबलांमधले दुवे) जागेवर आहेत का तेही तपासा, कधीकधी त्या उडतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, मग महिन्याभराने एकाच नंबरची दोन बिलं सापडतात. त्यानंतर नवीन कोरी फाईल करून एकेक टेबल त्यात इम्पोर्ट करा. एखादं टेबल अडलं तर बिल नंबर १ ते ५०००, मग ५००१ ते १०००० असं तुकड्यातुकड्याने ओढा, खराब ओळ नेमकी कुठे आहे ते कळतं. बऱ्याचदा ती शेरा लिहायच्या लाँग टेक्स्ट फील्डमध्ये असते, तेवढं फील्ड वगळलं की बाकीची ओळ येते.

यातलं काहीच जमलं नाही तर आदल्या दिवशीचा बॅकअप घ्या आणि एक दिवसाची बिलं कागदावरून परत टाका. अर्धवट सावरलेल्या फाईलवर उधारी चालवण्यापेक्षा हे मला कधीही बरं वाटतं.

आता हे झालं कशामुळे? अ‍ॅक्सेसमध्ये सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचं लिहिणं एका जागी सांभाळणारा प्रोग्राम, असा नसतोच. प्रत्येकाच्या पीसीवरचं इंजिन शेअर फोल्डरमधल्या फाईलवर थेट लिहितं, त्यामुळे लिहिता लिहिता एकाचं वायफाय तुटलं, लॅपटॉप स्लीपमध्ये गेला की फाईलचं पान (माहितीचा एक तुकडा) अर्धवट राहतं आणि भोगतात सगळे. म्हणून फाईलचे दोन भाग करा, नुसती टेबलं शेअर फोल्डरवर आणि फॉर्म, रिपोर्ट, क्वेरी (माहिती शोधायच्या मागण्या) प्रत्येकाच्या स्वतःच्या पीसीवर. कनेक्शन केबलने द्या, आणि क्लाउडला आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ती टेबलांची फाईल अजिबात ठेवू नका.

सोडायचं का, हे फाईलच्या साईजवरून ठरवू नका. २ जीबीची मर्यादा आहे खरी आणि कागदावर २५५ जण एकावेळी चालतात, पण बहुतेकांचं त्याच्या खूप आधीच अडतं. दर महिन्याला रिपेअर करावा लागतोय, कुणाला घरून काम करायचंय, सगळे उठल्याशिवाय बॅकअप घेता येत नाही, असं असेल तर वेळ झालीच समजा. पण सगळं मोडून नवीन सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही! आधी फक्त टेबलं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस किंवा पोस्टग्रेएसक्यूएल अशा डेटाबेस सर्व्हरवर न्या, दोन्ही फुकट आहेत, आणि तुमचे ओळखीचे फॉर्म ओडीबीसीने (प्रोग्राम आणि डेटाबेस जोडणाऱ्या दुव्याने) त्यांना जोडा. एसक्यूएल सर्व्हरवर जाणार असाल तर मायक्रोसॉफ्टचा मायग्रेशन असिस्टंटही फुकट मिळतो.

नेताना तीन गोष्टी अडवतात. प्रायमरी की नसलेलं टेबल जोडल्यावर फक्त वाचता येतं, बदलता येत नाही. हो-नाहीच्या फील्डला डिफॉल्ट (आपोआप भरलं जाणारं उत्तर) द्या, रिकामं राहिलं तर 'दुसऱ्या कुणीतरी रेकॉर्ड बदललं' असा खोटाच मेसेज येत राहतो. आणि तारखा! २०१९ च्या जागी चुकून २०१ टाईप झालेलं साल अ‍ॅक्सेस मुकाट्याने ठेवून घेतं, पण एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाईम प्रकार १७५३ च्या आधीचं घेतच नाही, तेव्हा अशा चुका आधीच शोधून काढा. शिवाय फॉर्म उघडताना अख्खं टेबल न आणता एका ग्राहकाचंच बिल आणा, नाहीतर सर्व्हरवर जाऊनही पहिल्यापेक्षा हळू चालेल.

प्रश्न : आमची फाईल रोज फुगते. फाईल बंद करताना आपोआप कॉम्पॅक्ट करणारं 'कॉम्पॅक्ट ऑन क्लोज' चालू करू का?

उत्तर : अनेक जण वापरत असतील तर नको. डिलीट केलेल्या ओळींची जागा कॉम्पॅक्ट करेपर्यंत सुटत नाही, म्हणून फाईल फुगते. आठवड्यातून एकदा सगळे बाहेर पडले की बॅकअप घेऊन हातानेच कॉम्पॅक्ट करा. तात्पुरती टेबलं वेगळ्या फाईलमध्ये काढा, आणि फोटो टेबलात भरत असाल तर ते फोल्डरमध्ये ठेवून टेबलात फक्त त्यांचा पाथ (फोटो कुठे ठेवलाय तो पत्ता) लिहा.