आधी रक्ताची नळी, मग यंत्र : पीएच.डी. सुरू करणाऱ्या विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या चाचणीचा तुझा दोन पानी आराखडा वाचला. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब कागदी पट्टीवर टाकायचा, मोबाइलने फोटो काढायचा आणि माणूस एए (दोष नसलेला), एएस (वाहक) की एसएस (रुग्ण) पॅटर्नचा हे दहा मिनिटांत सांगायचं. विषय चांगला आहे. विदर्भात त्याची गरज काय, हे नागपुरात बसून कुणाला पटवून द्यायला नको. पण त्या दोन पानांतलं दीड पान कागद, रसायन आणि अल्गोरिदम यांनी भरलंय, आणि रक्त कुठून येणार याला एकच ओळ मिळाली आहे : ‘नमुने शासकीय रुग्णालयातून घेतले जातील.’ विज्ञान शाखेतून आरोग्य तंत्रज्ञानाकडे वळणाऱ्यांचं काम बहुतेक वेळा याच ओळीत अडकतं. म्हणून हे पत्र मुख्यतः त्या एका ओळीबद्दल.

सुरुवात रसायनापासूनच करू, कारण नमुन्याचा प्रश्न तिथूनच निघतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं की हिमोग्लोबिन एस तयार होतं. ऑक्सिजन सुटला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतात. तुझ्या पट्टीतलं सोडियम डायथायोनाइट ऑक्सिजन ओढून घेतं, एस मधोमध अडकतं, नेहमीचं हिमोग्लोबिन ए कागदातून बाहेर पसरत जातं, आणि तू मोजतेस तो या दोहोंमधला फरक. म्हणजे तुझा सिग्नल एस किती आहे यावर जितका अवलंबून, तितकाच ते तंतू किती बनतात यावर. आणि तंतू बनण्यात मोडता घालतं ते हिमोग्लोबिन एफ, म्हणजे गर्भात आणि तान्ह्या बाळात भरपूर असतं ते. आपल्याकडच्या एसएस रुग्णांत अरब-इंडियन हॅप्लोटाइप (एकत्र वारशाने येणारा जनुकीय बदलांचा संच) प्रामुख्याने आढळतो आणि त्यांचं एफ अनेकदा १५ ते २५ टक्क्यांच्या आसपास असतं. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत ते सहसा बरंच कमी असतं. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचं औषध चालू असेल तर आणखी वाढतं. त्यामुळे तिकडच्या रक्तावर ठरवलेला कटऑफ इथे तसाच उचलून लावता येणार नाही. माझ्या मते तुझ्या प्रबंधाचा खरा प्रश्न हाच आहे : एफ वाढत जाईल तसा पट्टीचा निकाल कुठे डळमळतो? आराखड्यात एफचा उल्लेखही नाही. तो पहिल्या पानावर आण.

आता तुलनेसाठीची मूळ चाचणी. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी यंत्रावरची चाचणी) हा योग्य पर्याय आहे, पण त्याचा रिपोर्ट म्हणजे अंतिम सत्य असं धरून चालू नकोस. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेल्या एसएस रुग्णाच्या नळीत रक्तदात्याचं ए मिसळलेलं असतं आणि आलेख बघून तो एएस वाटू शकतो. सहा महिन्यांखालच्या बाळात एफ इतकं असतं की तुझी पट्टी आणि सोल्युबिलिटी टेस्ट (रक्त द्रावणात टाकून ते गढूळ होतं का हे पाहण्याची चाचणी) दोन्ही फसतात. एस-बीटा थॅलेसेमियाचा रुग्ण (एका पालकाकडून सिकलसेलचं, दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचं जनुक मिळालेला) एसएससारखा दिसू शकतो. तिथे ए-टू (हिमोग्लोबिनचाच आणखी एक प्रकार) आणि एमसीव्ही (लाल पेशींचं सरासरी आकारमान) पाहावं लागतं. म्हणून प्रत्येक नळीसोबत पाच गोष्टी लिहिलेल्या हव्यात : वय, शेवटचं रक्त कधी चढवलं, हायड्रॉक्सियुरिया चालू आहे का, एकूण हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही. या पाच रकान्यांविना आलेली नळी विश्लेषणात घेऊ नकोस. पट्टी आणि एचपीएलसी यांचं जुळत नाही असे नमुने डीएनए चाचणीसाठी बाजूला ठेव आणि त्या चाचणीचा खर्च बजेटमध्ये आत्ताच धर, कारण परीक्षक सगळ्यात आधी त्याच नमुन्यांबद्दल विचारतील.

किती नमुने? ‘२०० घेऊ’ असं आराखड्यात लिहिलंय, आणि ते कसं ठरवलं हे लिहिलेलं नाही. हिशेब सोपा आहे. संवेदनशीलता (ज्यांच्यात दोष आहे त्यांच्यापैकी किती जणांना चाचणी पकडते) ९५ टक्के अपेक्षित असेल आणि ती अधिक-उणे ५ टक्क्यांत सांगायची असेल, तर १.९६ चा वर्ग गुणिले ०.९५ गुणिले ०.०५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर ७३. पण हे ७३ म्हणजे एकूण माणसं नव्हेत, ज्यांच्यात ती गोष्ट आहे अशी ७३ माणसं. गावात शंभरात दहा वाहक आहेत असं धरलं तर ७३ वाहक मिळायला ७३० जणांचं रक्त तपासावं लागेल. एसएस शंभरात एक धरला तर ७,३००. तितके तुला मिळणार नाहीत, म्हणून एसएस रुग्ण नागपूरच्या ‘मेडिकल’, ‘मेयो’ (ही दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं) किंवा एम्सच्या ओपीडीतूनच घ्यावे लागतील. आणि तिथेच पुन्हा एफ आडवं येतं : ओपीडीत येणारे म्हणजे बहुधा औषध चालू असलेले, रक्त चढवलेले. गावात न सापडलेला, औषध न घेणारा रुग्ण त्यांच्यासारखा नसतो. ओपीडीचे आणि गावचे नमुने वेगळे मोज, वेगळ्या तक्त्यात दे. एकत्र करून एकच टक्केवारी छापलीस तर आकडा देखणा दिसेल आणि निरुपयोगी असेल.

याच संदर्भात आणखी एक हिशेब कायम डोक्यात ठेव. संवेदनशीलता आणि विशिष्टता (दोष नसलेल्यांपैकी किती जणांना चाचणी बरोबर निगेटिव्ह सांगते) दोन्ही ९५ टक्के आहेत आणि गावात १० टक्के वाहक आहेत. हजार जण तपासले तर १०० वाहकांपैकी ९५ सापडतील आणि वाहक नसलेल्या ९०० पैकी ४५ जणांना चुकून पॉझिटिव्ह म्हटलं जाईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या १४० जणांपैकी ४५ जण, जवळपास दर तिसरा माणूस, उगाच घाबरणार. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी धरलेली होती. एवढ्या आकड्यांत पाच टक्के चूक म्हणजे किती घरं, हे तूच मोजून बघ.

नळीची हाताळणी आता जरा जवळून पाहू, कारण प्रयोगशाळेत वाढलेल्या विद्यार्थ्यांना ती माहीत नसते. दोन मिलीची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. अर्धीच भरली तर ईडीटीएचं प्रमाण जास्त होऊन पेशी आक्रसतात. भरल्याबरोबर आठ-दहा वेळा हळुवार उलटी-सुलटी करायची. हलवलीच नाही तर गुठळी होते, जोरात हलवली तर पेशी फुटतात आणि फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन तुझ्या कागदावर वेगळ्याच पद्धतीने पसरतं. वाहतूक लसीच्या कॅरिअरमध्ये, २ ते ८ अंशांत. फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक तसाच्या तसा आत टाकायचा नाही. बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबायचं, आणि नळ्या व पॅक यांच्यामध्ये पुठ्ठा किंवा स्पंज ठेवायचा. पॅकला चिकटलेली नळी गोठते आणि वाया जाते. कॅरिअरमध्ये तापमान नोंदवणारा डेटा लॉगर टाक. गडचिरोली ते नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, त्यात भामरागड किंवा एटापल्लीहून निघालेली नळी दिवसभर रस्त्यावर असते. कोणत्या तासाला काय तापमान होतं हे तुझ्या शब्दावर नाही, नोंदीवर ठरलं पाहिजे.

डायथायोनाइटवर माझा सगळ्यात जास्त आग्रह आहे. ही पूड हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन घेऊन मरते, आणि मेली तरी दिसायला पांढरीच राहते. नागपूरच्या मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत, किंवा जुलैच्या दमट हवेत सारखी उघडली जाणारी बाटली लवकर निकामी होते. मग सिकलसेलचं रक्तही निगेटिव्ह येतं आणि विद्यार्थी कागदाला दोष देत बसतात. मोठी बाटली आली की त्याच दिवशी छोट्या, घट्ट झाकणाच्या कुप्यांत वाटून सिलिका जेलसोबत डेसिकेटरमध्ये (हवाबंद, कोरड्या भांड्यात) ठेव. प्रत्येक कुपीवर उघडल्याची तारीख. द्रावण वापरायच्या वेळीच बनव. आणि रोज पहिला नमुना माहीत असलेला एएस, दुसरा माहीत असलेला एए. एएस पॉझिटिव्ह आला नाही तर त्या दिवशी एकही अनोळखी नमुना चालवायचा नाही. सोल्युबिलिटी टेस्टही सोबत कर, दोन मिली द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त, पाच मिनिटांनी मागे काळ्या रेघा धरून वाचायचं. खूप कमी हिमोग्लोबिन असलेल्या रुग्णात ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते आणि एएस-एसएस वेगळे करत नाही, पण रसायन जिवंत आहे की नाही हे ती लगेच सांगते.

मोबाइलचं थोडक्यात. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक कर, प्रत्येक फोटोत रंग जुळवायला राखाडी कार्ड ठेव, प्रकाश डब्याच्या आतला वापर. फोटो वाचणारं संगणकी मॉडेल शिकवताना विभागणी फोटोंची नाही, माणसांची करायची. एकाच माणसाचे पाच फोटो, तीन शिकवण्यात आणि दोन तपासण्यात गेले तर ९९ टक्के अचूकता येते आणि तिला काडीची किंमत नसते. कटऑफ पहिल्या संचावर ठरव, लिहून तारीख टाक, आणि दुसरा संच दुसऱ्या तालुक्यातला, दुसऱ्या मोबाइलवरचा असू दे. पट्टी वाचणाऱ्याला एचपीएलसीचा निकाल माहीत नसावा. कोणता नमुना कुणाचा, याची किल्ली तिसऱ्या व्यक्तीकडे.

एथिक्स कमिटीकडे लवकर जा. मंजुरीआधी घेतलेला एकही थेंब नंतर कायदेशीर होत नाही, मागच्या तारखेची मंजुरी नसते. प्रत्येक रुग्णालयाची समिती वेगळी, आणि शंका-उत्तरं धरून तीन-चार महिने सहज जातात. वैद्यकीय महाविद्यालयातला को-गाईड आधी ठरव. तो सही करण्यापुरता नको, पॅथॉलॉजी किंवा मेडिसिन विभागात रोज रुग्ण बघणारा हवा. संमतीपत्र मराठी आणि हिंदीत. गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्यांसाठी ते तोंडी समजावणारी त्यांच्यातलीच आशाताई आणि एक साक्षीदार. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती, आणि सात वर्षांपुढच्या मुलाचाही होकार.

आणि निकाल सांगण्याचं आधीच ठरव. तुझ्या पट्टीचा निकाल कुणालाही द्यायचा नाही, ती अजून सिद्ध झालेली नाही. एचपीएलसीचा रिपोर्ट मात्र द्यायचाच, तो त्या माणसाचा आहे. त्याच्याच हातात, समुपदेशनासोबत. सरपंचाकडे यादी नाही, शाळेच्या फळ्यावर नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही. वाहक मुलीचं ठरलेलं लग्न मोडतं ते अशाच यादीने. वाहक म्हणजे आजारी नव्हे, आणि दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते, हे दोन वाक्यांत समजावणारं माणूस टीममध्ये नसेल तर गावात शिबिर घेऊ नकोस.

गावाचं वेळापत्रक विद्यापीठाच्या वेळापत्रकावर चालत नाही. मार्च-एप्रिलमध्ये लोक पहाटे मोहफुलं वेचायला जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता, जूननंतर पेरणी, पावसात भामरागडकडचे रस्ते बंद, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धानकापणी. तुझ्या हातात खरा वेळ डिसेंबर ते फेब्रुवारी. तीन वर्षांत असे तीनच हिवाळे येतात. एथिक्सची मंजुरी जानेवारीत मिळाली तर एक हिवाळा गेलाच समज.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, कोर्सवर्कचे किमान १२ क्रेडिट, दर सहामाहीला सल्लागार समितीसमोर प्रगती. शोधनिबंध छापण्याची सक्ती त्या नियमांत नाही, पण तुझ्या विद्यापीठाचे स्वतःचे नियम विचारून घे. बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, ती मागायला संकोचू नकोस. जेआरएफ (संशोधनासाठीची कनिष्ठ फेलोशिप) महिना ३७,००० रुपये आहे, पण फेलोशिपचे पैसे वेळेवर येतील असं गृहीत धरून खोलीचं भाडं ठरवू नकोस. हाताशी चार महिन्यांचा खर्च असू दे.

शेवटी तुझ्या स्वतःच्या अंगाचं. हिपॅटायटिस बीच्या तीन लशी, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. तिसरीनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपास, प्रति मिली १० मिली-युनिटच्या वर हवी. सुई टोचली तर बोट पिळायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि लगेच रुग्णालयात. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. त्यासाठी कुठे जायचं, रात्री कोण असतं, हे पहिल्या नमुन्याआधी विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

पहिली लस याच आठवड्यात घे, म्हणजे पुढच्या हिवाळ्याआधी तिसरी पूर्ण होईल. आणि आराखड्यातली ती एक ओळ काढून तिथे एक पूर्ण पान लिहून पाठव : कोणती ओपीडी, कोणता तालुका, कोणत्या महिन्यात किती नळ्या, आणि एफ कोण मोजणार.

कळावे.