शर्यतीच्या आदल्या रात्री दुखणारे पोट

"आत्ताच स्पर्धेत उतरवले नाही, तर मूल मागे पडेल का?" हा प्रश्न नाशिकमध्ये मानसशास्त्रज्ञ म्हणून मला बहुधा पोहणे, स्केटिंग किंवा बुद्धिबळाच्या संदर्भात विचारला जातो. गंगापूर रोडवरील एका कुटुंबाने तो बर्फावरील शर्यतीच्या संदर्भात विचारला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

हे कुटुंब दर हिवाळ्यात गुलमर्गला जाते. मुलगी नऊ वर्षांची असून तिथे चांगले स्कीइंग शिकली आहे आणि एरवी इथे इनलाइन स्केटिंग करते. मागील हंगामात ती लहान मुलांच्या जायंट स्लॅलम शर्यतीत, म्हणजे उतारावर रोवलेल्या खांबांच्या खुणांना (गेटना) वळसे घालत खाली येण्याच्या शर्यतीत उतरली आणि तिचे एक गेट चुकले. या खेळात गेट चुकले की स्पर्धक बाद होतो, मग तो खाली कितीही वेगाने पोहोचो. तेव्हापासून स्केटिंगच्या साध्या स्पर्धेच्या आदल्या रात्रीही तिचे पोट दुखू लागले. बालरोगतज्ज्ञांना शारीरिक कारण आढळले नाही, तेव्हा वडील तिला माझ्याकडे घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, हिचं मन जरा कणखर करून द्या."

तिच्याशी एकटीशी बोलताना मी हरण्याविषयी काहीच विचारले नाही. फक्त ती उतरण मला समजावून सांगायला सांगितली. तिला प्रत्येक वळण आठवत होते, बर्फ कुठे कडक होता तेही आठवत होते. चुकलेल्या गेटविषयी ती म्हणाली, "सर म्हणाले होते लांबून गोल ये. बाबा म्हणाले होते गेटला चिकटून सरळ जा, टीव्हीवरचे तसंच जातात." प्रशिक्षकांचे सांगणे योग्य होते. गेटच्या दिशेने सरळ गेल्यास वळण उशिरा सुरू होते आणि पुढच्या गेटपर्यंत मार्ग सापडत नाही. म्हणून लहान मुलांना आधी बाहेरच्या पायावर भार देऊन, वळण लवकर सुरू करून, मोकळी गोलाई घ्यायला शिकवतात. प्रौढ खेळाडूंचा गेटजवळून जाणारा मार्ग याच तंत्राच्या आधारावर अनेक वर्षांनी उभा राहतो. दोन विरुद्ध सूचना घेऊन उतरलेल्या त्या मुलीने वडिलांचे ऐकले, गेट चुकवले, आणि त्या संध्याकाळी हॉटेलात तोच व्हिडिओ तिला पुन्हा पुन्हा दाखवण्यात आला. पोट दुखण्याला याहून वेगळे कारण शोधण्याची मला गरज वाटली नाही.

वडिलांचा युक्तिवाद प्रामाणिक होता. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लॅलम आणि जायंट स्लॅलममध्ये उतरलेल्या आरिफ खानचे उदाहरण त्यांनी दिले. तोही लहानपणापासूनच स्कीइंग करत होता. परंतु आरिफ काश्मीरचा, बर्फ त्याच्या अंगणातला. आपल्या मुलीला वर्षाकाठी बर्फाचे मोजके दिवस मिळतात. मी त्यांना, ते अभियंता असल्याने, हिशेबच मांडायला सांगितला. शर्यतीच्या दिवशी मार्गाची पाहणी, थंडीत आपल्या क्रमांकाची वाट पाहणे, आणि पदरात काय, तर साधारण एकेका मिनिटाच्या दोन फेऱ्या. सरावाच्या दिवशी तेवढ्याच वेळात कितीतरी अधिक उतरणी होतात. हा मुद्दा त्यांना माझ्या मानसशास्त्रापेक्षा लवकर पटला, हे नमूद करायला हरकत नाही.

उशीर होण्याच्या भीतीविषयी मी दोन गोष्टी सांगितल्या. नॉर्वेमध्ये लहान मुलांच्या खेळात अकराव्या वर्षापर्यंत निकालांच्या क्रमवाऱ्या लावू देत नाहीत, आणि त्याच छोट्या देशाने बीजिंगमध्ये 16 सुवर्णपदके मिळवली. आणि आपल्याच जिल्ह्यातील चांदवड तालुक्याचा दत्तू भोकनळ नौकानयन शिकला तो सैन्यात भरती झाल्यावर, आणि 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला. प्रत्येक खेळात इतका उशीर चालत नाही, हे खरे. परंतु नवव्या वर्षीच दार बंद होते, हेही खरे नाही.

आम्ही ठरवले ते असे. तंत्राविषयी फक्त प्रशिक्षक बोलतील. आई-वडिलांकडे हातमोजे, पाणी आणि खाऊ. व्हिडिओ मुलीने मागितला तरच दाखवायचा. नाशिकमध्ये शंकू मांडून स्केटिंगवर वळणांचा सराव करायचा, पण घड्याळाशिवाय. शिवाय मल्लखांब आणि मैदानावरचे मनसोक्त खेळ. पुढील हिवाळ्यात प्रशिक्षकांनी तिला मुलांच्या शर्यतीआधी मार्ग तपासण्यासाठी उतरणाऱ्यांमध्ये घेतले. या उतरणीची वेळ निकालात धरत नाहीत. ती सर्व गेट पार करून खाली आली; त्यानंतरच्या शर्यतीत मात्र तिने नाव दिले नाही. वडिलांना हे जड गेले, आईला मुळीच नाही.

स्पर्धेत कधी उतरवावे, असे विचारणाऱ्या पालकांना मी वय सांगत नाही. मूल स्वतःहून नाव द्यायला सांगते का आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी सरावाला जायला तयार असते का, एवढे पाहावे. पोटदुखी मात्र शाळेच्या सकाळी किंवा सुट्टीतही होत असेल, मूल रात्री दचकून उठत असेल किंवा खाणे कमी झाले असेल, तर ती केवळ स्पर्धेची मानू नये. आधी डॉक्टर, आणि नंतर आमच्यासारख्यांकडे यावे.