फळ्यावर तारीख लिहिण्याआधी

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

परिपाठातला दिनविशेषाचा प्रश्न तुझ्याकडे आला आणि तू तो मनावर घेतलास, याचा मला मनापासून आनंद झाला. बऱ्याच शाळांत हे काम उरकलं जातं. मोबाइलवर फिरत आलेली यादी उघडायची, जयंती-पुण्यतिथीच्या दोन ओळी वाचायच्या, साल विचारायचं. नेहमीचाच एक हुशार मुलगा उत्तर देतो, टाळ्या होतात आणि मुलं वर्गात जातात. तुला यापेक्षा जास्त काही करायचं आहे हे पत्रावरून दिसतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुझ्या १८ ऑगस्टच्या प्रश्नाबद्दल. ‘१८६८ साली विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध कोणी लावला?’ आणि उत्तर, नॉर्मन लॉकियर. आपल्याकडे हे इतक्या वेळा छापून आलंय की शंका घ्यावीशीही वाटत नाही. पण लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची पट्टी आपल्या किनाऱ्यावरून पूर्वेकडे गेली हे खरं. त्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला दुर्बीण लावून बसला होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट त्याने तिथून पाहिला. लॉकियरने त्याच वर्णपटातली, हेलियमची खूण ठरलेली पिवळी रेषा पाहिली २० ऑक्टोबरला, इंग्लंडमधून, ग्रहण नसताना. तो विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, तीस वर्षांनी. तोवर १८९५ मध्ये विल्यम रॅमसेने हेलियम पृथ्वीवरही शोधून काढला होता. दोन ग्रहणं लोकांच्या आठवणीत एक झाली, एवढंच घडलंय. यात विजयदुर्गाचं काही कमी होत नाही. एवढा मोठा शास्त्रज्ञ आपली उपकरणं घेऊन वाघोटण खाडीच्या तोंडाशी आला, हे तुझ्या मुलांना अभिमान वाटावा असंच आहे. प्रश्न बदल. ‘लॉकियर विजयदुर्गला कोणत्या ग्रहणासाठी आला होता?’ असा विचार, आणि मग मुलांना किल्ल्यावर नेऊन साहेबाचे ओटे, म्हणजे त्याच्या दुर्बिणींसाठीचे चौथरे दाखव. कोणी म्हणेल की गावात तर वेगळंच सांगतात. त्याला गप्प करू नकोस. दोन्ही तारखा फळ्यावर मांड आणि वर्गाला बोलू दे.

माझा आग्रह एवढाच आहे, बाय. फळ्यावर लिहिलेलं मुलं खरं मानतात, तेव्हा तारीख कुठून आली ते आधी तू पाहा, आणि नंतर ते पाहायची सवय मुलांना लाव.

राज्याभिषेकाचंच घे. आपण ६ जून १६७४ म्हणतो आणि तिथीनेही सोहळा करतो. दरवर्षी एखादा मुलगा विचारतोच, दोनदा का? याचं उत्तर फार सुंदर आहे आणि ते आपल्या किनाऱ्यावरच सापडतं. पोप ग्रेगरीने १५८२ मध्ये पंचांग सुधारलं, दहा दिवस गाळले. पोर्तुगीजांनी ते लगेच स्वीकारलं. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्याच पंचांगाने चालले. त्यामुळे रायगडावर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ होती, तेव्हा गडावर हजर असलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनच्या हिशेबाने ६ जून होता आणि चौलच्या पोर्तुगीज ठाण्यात १६ जून. एकच दिवस, आणि रायगडापासून चौलपर्यंत त्याच्या तीन नोंदी! सातवीच्या मुलांना हे नीट कळतं, त्यांना कमी लेखू नकोस. १७५२ च्या आधीची कुठलीही तारीख दिसली की ती कोणाच्या कागदातून आली हे विचारायचं, एवढं त्यांच्या डोक्यात बसलं तरी पुष्कळ झालं.

साल विचारणारे प्रश्न कमी कर. २० मार्चला ‘चवदार तळ्याचा सत्याग्रह कोणत्या साली?’ या प्रश्नाला १९२७ हे उत्तर आलं की विषय तिथेच संपतो. त्याऐवजी असं विचार: सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ लाच झाला होता, महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला होता, मग बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तिथे पाणी प्यायला का जावं लागलं? यावर मुलं आधी गप्प होतात, मग बोलतात, आणि काही जण आपल्या वाडीतल्या विहिरीबद्दल बोलतात. त्या दिवशी पहिला तास बुडाला तर बुडू दे. तळ्याच्या हक्कावरून कोर्टात गेलेल्या खटल्याचा निकाल सत्याग्रहानंतर दहा वर्षांनी, १९३७ मध्ये लागला, हेही शेवटी सांग.

१७ जुलैला रामदास बोटीचा प्रश्न घेतलायस. ‘किती माणसं बुडाली?’ ही ओळ काढून टाक. सहाशेच्या वर माणसं गेली. तुझ्या वर्गात खलाशांची मुलं आहेत, त्यांच्यासमोर हा आकडा गुणांसाठी विचारू नये. १९४७ चा तो दिवस आषाढातल्या अमावास्येचा. भाऊच्या धक्क्यावरून माणसं बोटीने रेवसकडे, घरी निघाली होती. भर पावसाळ्यात बोट का सोडली जाई, तेव्हा रस्ता कुठवर होता, काशाच्या खडकाजवळ घडलेलं मुंबईला कळलं कसं असेल, हे विचार. घरी आजी-आजोबांना विचारायला सांग. जुनी माणसं तारीख क्वचितच सांगतील, अमावास्या सांगतील. ती पंचांगात शोधून तारखेपर्यंत पोहोचायचं काम मुलांना दे. कोयनेच्या भूकंपाचंही तसंच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचं आठवणारी माणसं अजून घरोघरी आहेत.

म्हणून प्रश्न सकाळी विचारून लगेच उत्तर घेऊ नकोस. शाळा सुटताना फळ्यावर लिही आणि दुसऱ्या दिवशी परिपाठात उत्तरं घे. मधली संध्याकाळ मुलांना मिळायला हवी. ‘माहीत नाही, पण अमक्याला विचारलं’ असं जो सांगेल त्यालाही शाबासकी दे. रोज जमलं नाही तर आठवड्यातून तीनच प्रश्न घे, बाकीचे दिवस नुसतं वाचन चालेल.

सप्टेंबरच्या प्रश्नांत २५ तारीख रिकामी दिसली. त्या दिवशी १९३० मध्ये उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला होता. तो घे, आणि स्वतःच्याच रानातली लाकडं तोडणं गुन्हा कसा ठरलं होतं, तिथून सुरुवात कर.

तुझा,
काका